सायकलीचा ब्रेक : ताकद आणि तारतम्य

(इयत्ता पाचवी ते सातवीच्या सामान्य विज्ञानातील ‘घर्षण’ या पाठास पूरक)

घर्षणाचा पाठ शिकविताना सायकलीच्या ब्रेकचे उदाहरण बहुतेक शाळांतून दिले जाते. ब्रेक दाबला की रबर रिमवर घासते, घर्षणामुळे चाकाची गती मंद होते आणि सायकल थांबते, एवढे सांगून उदाहरण आटोपते. विद्यार्थी ते उत्तर पाठ करतो, परीक्षेत लिहितो, गुणही मिळवितो. आणि त्याच सायंकाळी तोच विद्यार्थी उताराच्या वाटेने घरी जाताना शेळी आडवी आली म्हणून दोन्ही मुठी सर्व बळानिशी आवळतो आणि तोंडघशी पडतो. त्याचे उत्तर चुकलेले नसते. ते अपुरे असते. ब्रेक थांबवितो हे त्याला ठाऊक होते. ब्रेक किती दाबावा, कोणता अधिक दाबावा आणि दाबलेला ब्रेक कोणत्या क्षणी किंचित सैल सोडावा, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

राळेगणसिद्धी हे पारनेर तालुक्यातील गाव पुणे–अहिल्यानगर हमरस्त्यावरील वाडेगव्हाणपासून थोडे आत, टेकड्यांच्या उतारांलगत वसलेले आहे. हा प्रदेश पर्जन्यछायेतील. पाऊस थोडा, पण पडतो तेव्हा उतारावरची माती घेऊन धावणारा. अशा मुलखातील वाटा सपाट नसतात. वस्तीवरून शाळेकडे येणारे मूल डांबरी सडकेवरून मुरमाच्या वाटेवर, मुरमावरून मातीच्या पाणंदीवर असे उतरत येते आणि प्रत्येक वेळी चाकाखालची जमीन बदलते. सपाट, कोरड्या रस्त्यावर जी सवय निभावून जाते ती येथे निभावत नाही. यास्तव पारनेरसारख्या तालुक्यातील शाळांनी हा विषय पाठ्यपुस्तकातील चार ओळींवर सोडून देणे बरे नव्हे.

ब्रेकच्या अंगी दोन निरनिराळे गुण असतात. पहिला गुण म्हणजे ताकद. पूर्ण दाबला असता तो चाकाला किती जोराने अडवितो, एवढेच ताकदीवरून कळते. दुसऱ्या गुणास येथे ‘तारतम्य’ म्हटले आहे. हा शब्द व्यवहारात विवेक या अर्थी रूढ असला तरी त्याचे मूळ ‘तर’ आणि ‘तम’ या तुलनादर्शक प्रत्ययांत आहे. ‘लघुतम साधारण विभाज्य’ शिकलेल्या मुलांना त्यांतील ‘तम’ परिचयाचा आहे. बोटांनी थोडे दाबले तर थोडा, अधिक दाबले तर अधिक, असा पायरीपायरीने आणि अंदाज करता येईल असा ब्रेक लागणे, हे त्याचे तारतम्य होय. कणगीत धान्य किती आहे ही एक गोष्ट. ते मापट्याने मोजून देता येते की नाही ही दुसरी. कणगी भरलेली असून तिचे भोक एकदम उघडत असेल तर शेरभर धान्य काढावयास गेलेल्या माणसाच्या पायाशी पायलीभर सांडते. ज्या ब्रेकला ताकद आहे पण तारतम्य नाही, त्याची गत अशीच असते.

आता मुख्य मुद्दा. ब्रेक सायकल थांबवितो हे वाक्य काटेकोर नाही. ब्रेक फक्त चाक अडवितो. सायकल थांबविते ती जमीन. घर्षण येथे दोन ठिकाणी घडते. एक, ब्रेकचे रबर आणि रिम यांच्यामध्ये; दुसरे, टायर आणि रस्ता यांच्यामध्ये. पहिले घर्षण ब्रेक सुधारून हवे तेवढे वाढविता येते. दुसऱ्याची मर्यादा रस्त्याने ठरवून दिलेली असते, ती कोणताही कारागीर वाढवू शकत नाही. कोरड्या डांबरावर ही मर्यादा मोठी, ओल्या डांबरावर त्याहून लहान, सुट्या मुरमावर आणि चिखलावर फारच लहान असते. पहिले घर्षण दुसऱ्याच्या मर्यादेपलीकडे गेले की चाक फिरावयाचे थांबते आणि घसरू लागते. त्या क्षणानंतर हाताने कितीही दाबले तरी अधिक काही मिळत नाही. मिळते ते उणेच, कारण घसरणाऱ्या वस्तूचे घर्षण हे हलण्याच्या बेतात असलेल्या वस्तूच्या घर्षणापेक्षा बहुधा कमी असते.

ही शेवटची गोष्ट मुलांना सांगून पटत नाही. ती दाखवावी लागते. शाळेच्या विज्ञानपेटीतील ताणकाटा घ्यावा. एका विटेला सुतळी बांधून ती ताणकाट्याच्या आकड्यास अडकवावी आणि फरशीवर हळूहळू ओढावी. वीट हलेपर्यंत काटा वाढत जातो. ती हलली की काटा किंचित मागे येतो आणि नंतर कमी बळातच वीट सरकत राहते. मुलांनी स्वतः चार-पाच वेळा वाचन घ्यावे व वहीत लिहावे. मग तीच वीट मुरूम पसरलेल्या जागी ओढावी, मग ओल्या फरशीवर. आकडे प्रत्येक शाळेत निराळे येतील आणि तसे येणेच इष्ट. शेजारच्या शाळेचे आकडे उतरवून घेण्यात काही अर्थ नाही. हलण्यापूर्वीचा आकडा आणि हलल्यानंतरचा आकडा यांतील फरक मुलांनी आपल्या डोळ्यांनी पाहिला, म्हणजे चाक अडकू देणे तोट्याचे का, याचे उत्तर त्यांचे त्यांनाच सापडते.

चाक अडकल्याने होणारा तोटा केवळ अंतराचा नाही. मागचे चाक अडकले तर सायकलीचा मागचा भाग बाजूस सरकतो. सवयीचा स्वार तेवढ्यात ब्रेक सैल सोडून सावरू शकतो. पुढचे चाक अडकले तर मात्र हँडल वळवूनही सायकल वळत नाही आणि तोल सांभाळण्याचा मार्गच बंद होतो. चालती सायकल उभी राहते ती हँडलच्या लहान लहान हालचालींमुळे, आणि त्या हालचाली फिरणाऱ्या चाकावरच लागू पडतात. मुरमावर पुढचे चाक अडकले की पडण्यास एका क्षणाचाही अवधी पुरतो.

येथे ग्रामीण भागात सर्वत्र आढळणाऱ्या एका समजुतीचा विचार केला पाहिजे. पुढचा ब्रेक धोक्याचा, तो दाबलाच की माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो, असे वडीलधारी मंडळी मुलांना बजावतात. काही घरी तर पुढचा ब्रेक काढूनच टाकतात किंवा त्याची वायर तुटली तरी नवी घालीत नाहीत. या समजुतीत सत्याचा अंश आहे, म्हणूनच ती इतकी टिकली. परंतु तिचा निष्कर्ष चुकीचा आहे.

एस.टी.च्या चालकाने ब्रेक लावला की उभे असलेले प्रवासी पुढे झुकतात. सायकल मंदावतानाही स्वाराचा भार असाच पुढच्या चाकाकडे जातो. पुढचे चाक जमिनीवर अधिक दाबले जाते व त्याची पकड वाढते. मागचे चाक हलके होते व त्याची पकड घटते. परिणाम असा की, केवळ मागच्या ब्रेकवर विसंबणारा मुलगा जे चाक हलके होत आहे त्याच्याकडूनच सर्व काम मागत असतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर नुसत्या मागच्या ब्रेकने जेवढा रोध मिळतो तो दोन्ही ब्रेक नीट वापरून मिळणाऱ्या रोधाहून पुष्कळ कमी भरतो. ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने जाणारी सायकल नुसत्या मागच्या ब्रेकने सुमारे ५ मीटर अंतरात थांबत असेल, तर दोन्ही ब्रेकांच्या बेताच्या वापराने ती सुमारे ३ मीटरमध्ये थांबते. दोन मीटरचा हा फरक म्हणजे सायकलीच्या एका लांबीहून अधिक अंतर. शेळी वाचणे किंवा न वाचणे यांतील ते अंतर आहे.

पुढे फेकले जाणे हेही खरे आहे. पुढचा ब्रेक फार जोराचा लागला आणि जमिनीची पकड चांगली असली, तर चाक घसरण्याऐवजी सर्व सायकल पुढच्या चाकाभोवती उलटू पाहते. स्वार जितका उंच आणि पुढे झुकलेला, तितके हे लवकर घडते. पण येथे दोष पुढच्या ब्रेकचा नसून तो एका झटक्यात लावण्याचा आहे. तोच ब्रेक पायरीपायरीने दाबला तर भार पुढे सरकण्यास वेळ मिळतो, पकड वाढते, आणि वाढलेल्या पकडीवर मग अधिक दाबता येते. दाबण्यापूर्वी हात सरळ करून शरीर थोडे मागे रेटले की उलटण्याची भीती आणखी कमी होते. सुट्या मुरमावर व वळणावर पुढचा ब्रेक हलका ठेवावा, कोरड्या सरळ रस्त्यावर त्याच्याकडून अधिक काम घ्यावे. पुढचा ब्रेक काढून टाकणे म्हणजे विळ्याने बोट कापते म्हणून घरात विळाच न ठेवणे होय.

कोणता लिव्हर कोणत्या चाकाचा, हे प्रथम पाहावे. आपल्याकडे बहुधा उजव्या हाताचा लिव्हर पुढच्या चाकाचा असतो, परंतु दुरुस्तीच्या वेळी वायरींची अदलाबदल झालेल्या सायकलीही फिरतात. मुलाने दुसऱ्याची सायकल घेतली तर चालविण्यापूर्वी ती हाती धरून दोन पावले चालावे आणि एकेक लिव्हर दाबून पाहावा.

वेगाविषयी थोडे गणित वरच्या वर्गातून अवश्य करून घ्यावे. मूल आणि सायकल मिळून ६० किलो वजन धरले, तर सेकंदाला ५ मीटर वेगास गतिज ऊर्जा ७५० ज्यूल येते. वेग दुप्पट केला, म्हणजे सेकंदाला १० मीटर, तर ती दुप्पट न होता चौपट, ३,००० ज्यूल होते. ब्रेक तोच, जमीन तीच. सबब थांबण्याचे अंतर ५ मीटरचे २० मीटर होते. शिवाय संकट दिसल्यापासून बोटे लिव्हरवर आवळेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो असे धरले, तर पहिल्या वेगात ५ व दुसऱ्यात १० मीटर अंतर ब्रेक लागण्यापूर्वीच संपलेले असते. एकूण हिशोब १० मीटर आणि ३० मीटर. शाळेच्या मैदानावर ही दोन अंतरे फक्कीने आखून दाखविली की फळ्यावरील आकड्यांना अर्थ येतो.

उताराचा हिशोब याहून उद्बोधक आहे. दर २० मीटरला १ मीटर खाली जाणारी एक किलोमीटरची वाट घेतली, तर स्वार ५० मीटर उंची गमावतो. वेग वाढू न देता उतरावयाचे तर ६० किलो वजनासाठी सुमारे २९,४०० ज्यूल ऊर्जा वाटेत खर्ची टाकावी लागते. वारा आणि चाकांचा रोध यांचा वाटा सोडला तर हे सर्व ब्रेकने करावयाचे असते. ताशी १८ किलोमीटर वेगाची सायकल एकदा थांबविण्यास ७५० ज्यूल लागतात. म्हणजे ही एक उतरण सुमारे ३९ वेळा थांबण्याच्या बरोबरीची झाली. जो मुलगा वरून मोकळा सुटतो आणि तळाशी पोहोचल्यावर ब्रेक दाबतो, तो हा सर्व हिशोब शेवटच्या काही मीटरांत चुकता करावयास जातो.

राळेगणसिद्धीच्या मुलांना हे समजाविण्यासाठी दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने या गावी पाणलोटाची जी कामे झाली त्यांचे तत्त्व हेच आहे. उतारावरून धावत येणाऱ्या पाण्यापुढे तळाशी एकच भिंत उभी केली, तर पाणी तिच्यावरून उसळते किंवा तिला फोडून जाते. म्हणून माथ्यापासूनच चर खणले, ठिकठिकाणी नालाबांध घातले आणि पाण्याचा वेग थोडा थोडा काढून घेतला. तळाशी पाणी आले ते चालत आले. शाळेची सहल या बांधांवर नेता येते, आणि तेथे उभे राहून सायकलीचा ब्रेक समजावून सांगितला तर भूगोल आणि विज्ञान यांचे तास एकत्र येतात. उतारावर ब्रेक माथ्यापासूनच हलका लावावा, वेग वाढूच देऊ नये, आणि अवघड जागेसाठी ब्रेकची राखीव ताकद शिल्लक ठेवावी. बोरघाटात १८६३ साली लोहमार्ग खुला झाला तेव्हा त्याचा तीव्रतम चढ ३७ स एक इतका होता. त्या घाटात उतरणाऱ्या गाडीचा ताबा सुटलाच तर ती मुख्य मार्ग सोडून चढाच्या बाजूस वळावी म्हणून स्वतंत्र रूळ टाकलेले आहेत. सायकलस्वारासाठी असे रूळ कोणी टाकलेले नसतात.

आता ब्रेकांच्या प्रकारांकडे वळावयास हरकत नाही. जुन्या काळ्या सायकलींना दांडीचे ब्रेक असत. सोनिपत येथे १९५१ साली सुरू झालेल्या ॲटलास आणि लुधियाना येथील १९५६ च्या हीरो या कारखान्यांच्या अशा सायकली खेड्यापाड्यांतून दोन पिढ्यांनी वापरल्या. ॲटलासचा साहिबाबाद येथील कारखाना २०२० साली बंद झाला, तरी दांडीच्या ब्रेकच्या सायकली दुधाचे कॅन आणि गवताचे भारे वाहताना अद्याप दिसतात. या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या अंगास खालून वर ओढले जाते. त्यात वायर नसल्याने वायर गंजण्याचा प्रश्न नाही, पण सांधे पुष्कळ, आणि ते झिजले की लिव्हरची निम्मी हालचाल सांध्यांतच जिरते. ‘हा ब्रेक कधी दगा देत नाही, तो कसा मऊ लागतो’ अशी त्याची स्तुती जुने लोक करतात. ती जपून स्वीकारावी. मऊपणा आणि तारतम्य एक नव्हेत. सर्व बळ लावूनही जो ब्रेक जमिनीच्या मर्यादेपर्यंत पोहोचत नाही, त्याच्यापाशी मापटे आहे पण कणगी रिकामी आहे. गरजेच्या वेळी असा मऊपणा उपयोगी पडत नाही.

वायरीवर चालणाऱ्या ब्रेकांत, दोन्ही बाजूंनी रिमला चिमटणारे कॅलिपर ब्रेक आणि दोन लांब उभ्या हातांचे ‘व्ही’ ब्रेक, हे मुलांच्या सायकलींवर विशेष दिसतात. दुसऱ्या प्रकारचे हात लांब असल्याने तरफेचा लाभ अधिक. बोटांचे थोडे बळ रिमपाशी पुष्कळ होते. पण यामुळे बोटांच्या बळातील थोड्या फरकानेही रोध पुष्कळ बदलतो, आणि इतके मोजून दाबणे नवख्या मुलास जमत नाही. नवी सायकल घेतलेले मूल पहिल्या आठवड्यात पडते त्याचे हे एक कारण. ब्रेक वाईट नसतो. हाताला त्याचे माप अजून कळलेले नसते. चकतीचे ब्रेकही आता स्वस्त सायकलींवर येऊ लागले आहेत. रिम ओली वा वाकडी झाली तरी ते बिघडत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. तथापि चकती आहे एवढ्यावरून ब्रेक चांगला ठरत नाही. वायरीवर चालणाऱ्या हलक्या प्रतीच्या चकतीपेक्षा नीट राखलेला साधा ब्रेक पुष्कळदा अधिक विश्वासाचा असतो.

तारतम्य बिघडते ते बहुधा निगेअभावी. सर्वांत मोठा अपराधी म्हणजे गंजलेली वायर. वायर नळीत अडखळू लागली की बोटांनी थोडे दाबले असता काहीच घडत नाही. आणखी दाबले की ती एकदम सरकते आणि ब्रेक पूर्ण लागतो. लिव्हर सोडला तरी ब्रेक सुटत नाही, हेही याचेच लक्षण. हाताचा आणि चाकाचा संवादच तुटतो. नळीत तेलाचे दोन थेंब सोडावेत. वायरीचे धागे तुटलेले दिसले तर ती बदलावी. दुसरा दोष म्हणजे ‘आऊट’ झालेले चाक. रिम डावी-उजवीकडे लचकत असेल तर प्रत्येक फेरीत ब्रेक एकदा धरतो व एकदा सोडतो. ब्रेक कितीही आवळला तरी हा दोष जात नाही. आधी आऊट काढून घ्यावा लागतो. तिसरा दोष मुलांच्या उत्साहाचा. सणासुदीला सायकल पुसून चकचकीत करताना रिमलाही तेल लावले जाते. रिमवर व ब्रेकच्या रबरावर तेलाचा थेंबही चालत नाही, हे वर्गात स्पष्ट सांगावे.

दुरुस्तीच्या दुकानी ‘ब्रेक एकदम कडक करा’ असे सांगण्याची पालकांची रीत आहे. कारागीरही मग लिव्हर जेमतेम हलेल इतकी वायर ताणून देतो आणि गिऱ्हाईक संतुष्ट होते. हा संतोष फसवा आहे. लिव्हर काही अंतर सहज यावा, नंतर रबर टेकल्याचे बोटांना कळावे, त्यापुढे दाब वाढेल तसा रोध वाढावा, आणि पूर्ण दाबल्यावरही लिव्हर हँडलच्या मुठीला टेकू नये. नीट लावलेल्या ब्रेकची ही लक्षणे होत.

पावसाळ्यात दांडीच्या आणि रिमवरील ब्रेकांची परीक्षा होते. रिम ओली असता, विशेषतः मुलामा दिलेल्या पोलादी रिमवर, रबराची पकड कित्येक पटींनी घटते. मूल घाबरून अधिकाधिक दाबते. चाकाच्या काही फेऱ्यांत रबर पाणी निपटून काढते, रिम कोरडी होते आणि घटलेली पकड अकस्मात परत येते; त्या वेळी हात पूर्ण आवळलेला असल्याने चाक अडकते, तेही ओल्या रस्त्यावर. म्हणून पावसात थांबावयाच्या जागेच्या बरेच आधी ब्रेक हलका टेकवून रिम पुसून घ्यावी आणि मग दाब वाढवावा. शाळा जूनमध्ये उघडतात तेव्हाच हा भाग शिकवून ठेवणे सोयीचे. बादलीभर पाणी ओतून ओल्या आणि कोरड्या रिमचा फरक सायकल हाती धरून चालतानाही दाखविता येतो.

मैदानावरील सरावाची सुरुवात सायकलीवर न बसताच करावी. मुलाने सायकलीच्या बाजूने चालत ती ढकलावी आणि पुढचा ब्रेक दाबावा. मागचे चाक उचलू लागते. मग मागचा ब्रेक दाबावा. मागचे चाक फरफटते. भार पुढे जातो म्हणजे काय, हे या एका मिनिटात कळते आणि कोणी पडत नाही. यानंतर फक्कीची रेघ ओढून, सावकाश वेगाने येऊन पुढचे चाक बरोबर रेघेवर थांबविण्याचा सराव द्यावा. येथे चुरस लवकरात लवकर थांबण्याची ठेवू नये, नाहीतर मुले हटकून चाक अडकवितात. रेघेच्या किती जवळ थांबला आणि जमिनीवर घसरण्याची खूण उमटली की नाही, यावर गुण द्यावेत. मातीवरची ती खूण म्हणजे वहीतील खाडाखोडच होय. स्नेहसंमेलनातील संथ सायकल शर्यतही याच कामी येते. तिच्यात जिंकणारे मूल ब्रेक मोजून लावण्यात पटाईत असते, हे शिक्षकांच्या ध्यानात आलेच असेल.

मुलांच्या घरी आता मोटारसायकली आहेत आणि त्यांवरील ‘एबीएस’ ही अक्षरे त्यांनी पाहिलेली असतात. भारतात १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या नव्या नमुन्यांच्या दुचाकींना एप्रिल २०१८ पासून आणि त्या गटातील सर्व नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून ही यंत्रणा सक्तीची झाली. चाक अडकण्याच्या बेतात आले की ती ब्रेकचा दाब क्षणभर सैल करते आणि पुन्हा लावते, असे सेकंदाला अनेक वेळा. कारखानदारांनी यंत्रणा बसविली ती ब्रेकची ताकद वाढविण्यासाठी नव्हे, ती ताकद मोजून लावण्यासाठी. सर्वसाधारण सायकलीवर हे काम स्वाराच्या बोटांनाच करावे लागते.

बोटांवरून एक गोष्ट राहिली. थोरल्या भावाची अथवा वडिलांची सायकल चालविणाऱ्या मुलामुलींची बोटे लिव्हरपर्यंत पुरी पोहोचत नाहीत. ती टोकांनी लिव्हर ओढतात. त्यात बळही कमी आणि मोजून दाबणे तर अशक्यच. हँडलची मूठ तळहातात धरून बोटाच्या मधल्या पेराने लिव्हर पकडता यावा. वायरीच्या ब्रेकांच्या अनेक लिव्हरांना तो मुठीजवळ आणण्यासाठी बारीक स्क्रू असतो, आणि तो फिरविण्यास दुकानात काही मिनिटेच लागतात. दांडीच्या ब्रेकला ही सोय नाही. त्या सायकलीसाठी मूल मोठे होण्याची वाट पाहणेच श्रेयस्कर. कॅरिअरवर धाकट्या भावंडास किंवा दुधाचा कॅन घेऊन येणाऱ्या मुलांची गोष्ट आणखी निराळी. मागे भार असला की मागच्या चाकाची पकड वाढते आणि ते सहसा अडकत नाही, म्हणून सायकल आज्ञेत असल्यासारखी वाटते. परंतु वजन वाढल्याने तेवढ्याच ब्रेकला थांबविण्यास अंतर अधिक लागते. कॅन अर्धा भरलेला असेल तर ब्रेक लागताच आतले दूध पुढे धावते आणि सायकलीस मागून धक्का देते. डेअरीवर दूध घालून मग शाळेत येणाऱ्या मुलांना वर्गात उभे करून हा अनुभव सांगावयास लावावा. बाकीची मुले तो शिक्षकांच्या सांगण्यापेक्षा अधिक लक्ष देऊन ऐकतील.